गोपिकाबाई पेशवे

गोपिकाबाई पेशवे : (सु. १७२४–ऑगस्ट १७८८). नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी. विश्वासराव, थोरले माधवराव व नारायणराव यांच्या मातोश्री. माहेर वाईच्या रास्त्यांचे. वडील भिकाजी नाईक. विवाह १७३० मध्ये. पानिपतावर विश्वासराव पडले (१४ जानेवारी १७६१), २३ जूनला नानासाहेबही वारले. सोळा वर्षांच्या माधवरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली, पण कारभारावर पकड नानासाहेबांचे धाकटे भाऊ रघुनाथराव यांची. दीर-भावजयीचा उघड संघर्ष या काळातला.

पुणे सोडून त्या नाशिकजवळ गंगापुरास का गेल्या, याविषयी मतभेद आहेत. प्रचलित हकिकत अशी : १७६३ मध्ये हैदराबादच्या निजामअलीच्या फौजेने पुणे लुटले, जाळले, शहराच्या बंदोबस्तात कसूर झाल्याबद्दल माधवरावांनी रास्ते मामांना दंड केला, बाईंनी केलेली रदबदली मानली गेली नाही आणि त्या रुसून निघाल्या. दंडाचा प्रसंग खरा धरला तरी कारण तेवढेच दिसत नाही. १७६२ च्या अखेरीस आळेगावी चुलत्यापुढे नमते घ्यावे लागलेल्या माधवरावांनी निजामावरील राक्षसभुवनच्या विजयानंतर (१० ऑगस्ट १७६३) सूत्रे स्वतःकडे घेतली. चुलत्याचा शब्द बाजूला सारायचा आणि आईची शिफारस मात्र चालू ठेवायची, हे फडावर (पेशव्यांच्या कचेरीत) निभले नसते. दंड निमित्तमात्र, हेच मत अधिक सयुक्तिक वाटते. प्रस्थानाचे साल बहुधा १७६३-६४ च्या सुमाराचे धरावे.

गंगापूर हे नाशिकच्या पश्चिमेस गोदाकाठी आहे. शहरातून तिकडे जाताना गंगापूरच्या अलीकडे आनंदवल्ली लागते. पूर्वीचे चौंधस, म्हणजे रघुनाथरावांचे ठिकाण. हाडवैर असलेल्या दोन बिऱ्हाडांची वाट एकच होती!

नारायणरावांच्या खुनानंतर (३० ऑगस्ट १७७३) बाई हाती करवंटी घेऊन भिक्षा मागत, अशी आख्यायिका आहे. व्रत म्हणून ते अशक्य नाही. त्यावरून त्यांनी राजकारणातून लक्ष काढले असे मात्र ठरत नाही. नातू सवाई माधवरावांना त्यांनी पाठवलेले उपदेशपर पत्र प्रसिद्ध आहे. त्यात उठल्यापासून निजेपर्यंतचा दिवस आखून दिला आहे : स्नानसंध्या, अध्ययन, घोड्यावर बसणे, कचेरीचे काम, पंगतीतली वागणूक. अल्पवयीन पेशव्याभोवती कारभाऱ्यांचा वेढा असताना आजीने त्याला कचेरीत बसायला सांगावे, याचा रोख केवळ संस्कारांवर नसावा.

त्यांचे अखेरचे दिवस नाशिकलाच गेले. मृत्यूच्या तिथीविषयी मतभेद असले तरी महिना ऑगस्टच दिला जातो.