दाढीचा नियम आणि कृष्णवर्णीय सैनिक

अमेरिकी संरक्षण खात्याने ऑगस्ट २०२५ मध्ये सैनिकांनी गुळगुळीत दाढी करायची या नियमातून मिळणाऱ्या वैद्यकीय सवलतीला मुदत घातली. वर्षभर उपचार घेऊनही ज्याला सवलत लागते, त्या सैनिकाला सेवामुक्त करण्याची कारवाई सुरू करायची. आदेशात वंशाचा उल्लेख नाही; पण त्याचा सर्वाधिक फटका कृष्णवर्णीयांना बसतो.

कारण केसांच्या घडणीत आहे. दाट कुरळा केस वस्तऱ्याने कापला की टोक अणकुचीदार होते आणि वाढताना वळून पुन्हा कातडीत घुसते. पुरळ उठते, पू होतो, काळे डाग पडतात, कधी कायमचे व्रण राहतात. ‘स्यूडोफॉलिक्युलायटिस बार्बी’ असे लांबलचक नाव असलेल्या या त्रासाला सैनिक ‘रेझर बम्प्स’ म्हणतात. कृष्णवर्णीय पुरुषांत त्याचे प्रमाण ४५ ते ८३ टक्के असल्याचा अंदाज वैद्यकीय लेखांत वारंवार येतो. खात्रीचा उपाय एकच, दाढी न करणे.

गुळगुळीत दाढीचा आग्रह पहिल्या महायुद्धातल्या विषारी वायूशी जोडला जातो, कारण मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसायला हवा. तरीही १९७० मध्ये नौदलप्रमुख एल्मो झुमवॉल्ट यांनी खलाशांना दाढी राखू दिली. १९८४ च्या अखेरीस ती मुभा गेली आणि उरली फक्त डॉक्टरची ‘नो-शेव्ह चिट’, म्हणजे दाढी न करण्याची लेखी सवलत. ही चिट अनेकांना महागात पडली. हवाई दलातल्या सैनिकांवरील २०२१ च्या अभ्यासात सवलत घेणाऱ्यांची बढती लांबत असल्याचे दिसले, आणि सवलत घेणाऱ्यांत कृष्णवर्णीयच बहुसंख्य होते. नियम सर्वांना सारखा असला तरी तो पाळताना एकाच्याच चेहऱ्यावर जखमा होत असतील, तर त्याला समान वागणूक म्हणता येत नाही. १९९३ मध्ये डॉमिनोज पिझ्झाच्या दाढीबंदीवरील खटल्यात अमेरिकेच्या एका संघीय अपील न्यायालयाने नेमके हेच तत्त्व मान्य केले होते. पण तो निकाल खासगी नोकरीपुरता होता.

सैन्यातल्या कृष्णवर्णीय स्त्रियांची लढाई केशरचनेची होती. २०१४ च्या नियमावलीत त्यांच्या वेण्यांच्या काही प्रकारांवर बंदी आली. संसदेतल्या कृष्णवर्णीय महिला सदस्यांनी आवाज उठवल्यावर नियमावलीतले अपमानकारक शब्द वगळले गेले, आणि २०१७ मध्ये लॉक्स, म्हणजे जटांसारख्या गुंफलेल्या बटाही मान्य झाल्या.

पुरुषांना आता लेझरने केस काढण्याचा पर्याय सुचवला जातो. गडद त्वचेवर त्याने भाजण्याचा, डाग पडण्याचा धोका अधिक असतो. शिवाय तिथली दाढी कायमची विरळ होऊ शकते.