नाकाचे चाक आधी टेकते तेव्हा

बारामती किंवा गोंदियाच्या धावपट्टीवर घिरट्या घालणाऱ्या शिकाऊ विमानांचा बराच वेळ एकाच सरावात जातो: चाके टेकवायची, न थांबता पुन्हा उडायचे आणि फेरी मारून परत उतरायचे. उड्डाण त्या मानाने लवकर जमते. उतरणे मात्र शिकणाऱ्याची परीक्षा पाहते.

सेस्ना 172 सारखे चार आसनांचे विमान फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या उचल वाढवणाऱ्या झडपा, उघडून उतरायला येते तेव्हा त्याचा वेग 60 ते 70 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 110 ते 130 किलोमीटर असतो. धावपट्टीच्या अगदी जवळ आल्यावर नाक हलकेच वर घेऊन उतरण्याचा दर मोडायचा आणि मागची दोन मुख्य चाके आधी टेकवायची, याला फ्लेअर म्हणतात. बहुतेक घोटाळे या काही सेकंदांत होतात. वेग 10 टक्क्यांनी जास्त असेल तर गतिज ऊर्जा 21 टक्क्यांनी वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यातच जमिनीलगत पंखांच्या टोकांशी होणारे हवेचे भोवरे दबतात, हवेचा रोध घटतो आणि विमान टेकायचे सोडून तरंगतच राहते. पुढची धावपट्टी सरत चाललेली पाहून विद्यार्थी अधीर होतो, नाक खाली दाबतो, आणि नाकाचे चाक आधी आदळते.

विमानाचा गुरुत्वमध्य या चाकाच्या मागे असल्यामुळे जमिनीचा धक्का नाकाला वर उडवतो, पंखांचा हवेशी होणारा कोन वाढतो, त्याबरोबर उचलही वाढते आणि विमान पुन्हा हवेत जाते. घाबरलेला विद्यार्थी नाक खाली आणण्यासाठी नियंत्रणाचा दांडा पुढे ढकलतो. परंतु त्याची प्रतिक्रिया आणि विमानाचा प्रतिसाद या दोहोंना वेळ लागत असल्याने, दुरुस्तीचा परिणाम दिसेपर्यंत विमान आपणहून खाली येऊ लागलेले असते. झोपाळा मागे जाऊन परतू लागताच त्याला धक्का द्यावा, तसे हे होते. सुधारण्यासाठी केलेली हालचालच पुढचा आघात वाढवते. प्रत्येक उसळी आधीपेक्षा वाईट होत जाते आणि दोन-तीन आघातांत नाकाच्या चाकाचा आधार मोडू शकतो. हा आधार इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या भिंतीला जोडलेला असल्यामुळे ती भिंतही वाकते. इंजिनाने फिरणारा पुढचा पंखा (प्रोपेलर) जमिनीला घासला, तर इंजिन खोलून तपासावे लागते. माणसे बहुधा सुखरूप बाहेर पडतात. खर्च मात्र जबर असतो.

उसळी मोठी असेल, तर ते उतरणे तिथेच सोडून देणे हाच खरा उपाय, आणि माझ्या मते सफाईदार उतरण्याइतकाच त्याचाही सराव व्हायला हवा. इंजिनाचा जोर वाढवणारा थ्रॉटल पूर्ण पुढे करून, नाक आवरून धरून विमान पुन्हा वर न्यायचे. मात्र इथेही एक खोच आहे: इंजिनाच्या पूर्ण जोराने नाक आपोआप वर उचलले जाते, म्हणून दांडा घट्ट धरावा लागतो, आणि फ्लॅप एकदम मिटले तर उचल अचानक कमी होऊन विमान खाली बसते, म्हणून ते वेग वाढेल तसे टप्प्याटप्प्यानेच मिटायचे असतात.