वस्तीतले नाटक आणि घरातली मारहाण : नागपुरातील प्रयोगांची पार्श्वभूमी

गाणी-संवादांतून समाजजागृती करणाऱ्या सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांची परंपरा वाचकांना ठाऊकच आहे. नागपूरच्या बाबतीत तिला जोड मिळते ती २० जुलै १९४२ रोजी येथे भरलेल्या दलित महिला परिषदेची. घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीत्वाला कायद्याने बंदी असे ठराव तिथे झाले, आणि लग्नानंतर मुलीने नवऱ्याची दासी न होता बरोबरीची मैत्रीण व्हावे, असे त्याच परिषदेतील भाषणात डॉ. आंबेडकरांनी सांगितले. उत्तर नागपुरात बौद्ध विहाराच्या आवारात घरातल्या मारहाणीवर नाटकाचे प्रयोग करणाऱ्या मंडळींना त्यामुळे प्रेक्षकांच्या स्वतःच्या वारशातला आधार आयता मिळतो.

पुढचा टप्पा १९७२ सालचा. आजच्या गडचिरोली जिल्ह्यातले देसाईगंज हे झाडीपट्टी, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकमंडळ्यांचे मुख्य केंद्र. तिथल्याच पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने सोडलेल्या पोलिसांना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले, तर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा निर्दोष सोडले. १९८० मध्ये त्याविरुद्ध नागपूरसह अनेक शहरांत मोर्चे निघाले. १९८३ मध्ये बलात्काराच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्याच वर्षी नवऱ्याच्या व सासरच्या छळासाठी भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ आले. महाराष्ट्रात स्त्रीप्रश्नावरील पथनाट्य रुजले ते याच वर्षांत. त्या काळच्या पथनाट्यात हुंडा, जाळलेली सून आणि शेवटी एकमुखाने घोषणा, असा साचा होता, आणि प्रेक्षकांकडे टाळ्यांपलीकडे काही काम नव्हते.

नव्वदीनंतर या साच्यात दारू शिरली. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आली. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये लागू होऊन २०२१ मध्ये उठली. या चळवळींमागे बायकांचा मोठा रेटा होता, तो नाकारता येत नाही. नाटकाला मात्र त्यामुळे एक सोयीचा खलनायक मिळाला. ‘दारू उतरली का चांगला राहते’ हे वाक्य रंगमंचावरून आले की प्रेक्षकांतला थेंबही न घेणारा आणि तरीही हात उचलणारा नवरा निश्चिंतपणे मान डोलावतो.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला आणि मारहाणीबरोबर शिवीगाळ, पैशांची कोंडी, घराबाहेर काढणे हेही हिंसाचारात धरले गेले. पुढल्याच वर्षी, १५ ऑगस्ट २००७ रोजी, राज्यात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातले भांडण गावातच मिटवले तर गावाला बक्षीस, अशी ती योजना. तिच्या प्रचाराला पथनाट्ये लागली आणि समेट हा ठरलेला शेवट झाला. एकीकडे कायदा बाईला राहत्या घराचा हक्क देत होता, तर दुसरीकडे नाटक तिला नवऱ्याचा हात धरून घरी पाठवत होते. पैसा देणाऱ्याला गोड शेवट हवा असतो, ही नाटकवाल्यांची तक्रार तेव्हापासूनची आहे आणि ती खोटी नाही.

या कोंडीतून वाट काढण्यासाठी काही गट फोरम थिएटरकडे वळले. १९७० च्या दशकात दक्षिण अमेरिकेत घडलेली आणि ऐंशीच्या दशकापासून पश्चिम बंगालच्या खेड्यांत घरातल्या हिंसेवर वापरली गेलेली ही पद्धत. यात प्रसंग वाईट ठिकाणी संपतो, मग तोच पुन्हा सुरू होतो, आणि प्रेक्षकांतले कोणीही ‘थांबा’ म्हणून पात्राच्या जागी उभे राहू शकते. वाद झाला तो कोणत्या पात्राच्या, यावर. मूळ नियमाप्रमाणे फक्त पीडिताची जागा घेता येते, कारण नवराच बदलून टाकला तर तो क्षणात शहाणा होतो आणि प्रश्नच उरत नाही. वस्तीत काम करणाऱ्या बायकांनी यावर आक्षेप घेतला, आणि माझ्या मते तो रास्त आहे : दर वेळी बाईच वेगळे बोलून पाहणार असेल, तर ‘ती नीट वागली असती तर मार पडला नसता’ एवढेच प्रेक्षक घरी नेतात. त्यावर तोडगा म्हणून शेजारीण, सासू आणि ठाण्यातला अंमलदार ही पात्रेही खुली केली गेली. भिंतीपलीकडून आवाज ऐकून दार लावून घेणारी शेजारीण बदलायला बायका सर्वांत आधी उठतात. ‘त्यांच्या घरचं ते पाहतीन’ हे तिचे वाक्य खोडून एखादी कडी वाजवते, एखादी साखर मागायला जाते. त्याला कायद्याचाही आधार आहे, कारण २००५ च्या कायद्याप्रमाणे हिंसाचाराची माहिती संरक्षण अधिकाऱ्याला कोणीही देऊ शकते आणि सद्हेतूने दिलेल्या माहितीबद्दल माहिती देणाऱ्यावर कायदेशीर जबाबदारी येत नाही.

२०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सुमारे ४५ टक्के स्त्रिया आणि ४४ टक्के पुरुषांनी काही ना काही कारणासाठी बायकोला मारणे योग्य मानले. मार योग्य मानणारे दोन्हीकडे आहेत, म्हणून दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहावे यासाठी सासूची भूमिका पुरुषांना, नवऱ्याची मुलींना देण्याचे प्रयोगही होऊ लागले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्याने ४९८-अ च्या जागी ८५ आणि ८६ ही कलमे आली. तरी ‘चारशे अठ्ठ्याण्णव लावीन’ हा संवाद बहुतेक नाट्यसंहितांत तसाच ठेवला जातो. प्रेक्षकांना तोच आकडा कळतो, आणि त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांचे खटले अजून त्याच कलमाखाली चालू आहेत.