हायड्रोजन धातूत शिरतो हे कळलं, पण बसतो कुठे?

धातू हायड्रोजन पितात हे काही नवं नाही, १८६६ मध्येच थॉमस ग्रॅहमने पॅलेडियमचं हे वेड दाखवून दिलं होतं. हा माणूस तेव्हा लंडनच्या सरकारी टांकसाळीचा प्रमुख होता. पुढे त्याने पॅलेडियमची तार निगेटिव्ह इलेक्ट्रोड म्हणून लावली तर तिने स्वतःच्या आकारमानाच्या नऊशेपट वगैरे गॅस आत घेतला आणि तार चक्क लांब झाली! गॅस काढून टाकल्यावर मात्र ती मूळ लांबीपेक्षाही आखडली. ग्रॅहमला वाटलं की हायड्रोजन हाच मुळात एक धातू आहे आणि हा त्याचा मिश्रधातू, त्याने 'हायड्रोजेनियम' असं नावसुद्धा ठेवलं. ते चुकलंच, पण त्या काळी तसं वाटणं वेडेपणाचं नव्हतं.

नंतर सीव्हर्ट्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने मोजलं की थोडाच हायड्रोजन विरघळलेला असतो तेव्हा त्याचं प्रमाण दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतं, म्हणजे हायड्रोजनचा दोन अणूंचा रेणू पृष्ठभागावरच फुटतो आणि आत सुटे अणू जातात.

खरी अडचण पुढची. एक्स-रे इलेक्ट्रॉन्सवरून विखुरतात आणि हायड्रोजनकडे इलेक्ट्रॉन एकच, त्यामुळे एक्स-रेत पॅलेडियमच्या अणूंची जाळी ३.८९ वरून साधारण ४.०२ अँगस्ट्रॉमपर्यंत (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) फुगलेली दिसायची पण पाहुणा कुठे बसलाय ते कळायचं नाही. न्यूट्रॉन अणुकेंद्रावरून विखुरतो म्हणून त्याला हायड्रोजन दिसतो, आणि १९५७ मध्ये वॉर्शम, विल्किन्सन आणि शल यांनी न्यूट्रॉन वापरूनच दाखवलं की तो सहा पॅलेडियम अणूंच्या मधल्या पोकळीत असतो, रचना मिठासारखी, फक्त सगळ्या जागा भरलेल्या नसतात, दर पॅलेडियममागे ०.६-०.७ हायड्रोजन. म्हणजे ग्रॅहमनंतर नव्वद वर्षं गेली!

टायटॅनियम आणि झिर्कोनियम या धातूंचं प्रकरण वेगळं. तिथे हायड्रोजन चार अणूंमधल्या छोट्या पोकळीत जातो आणि धातूची मूळ षट्कोनी मांडणीच बदलून टाकतो. असं तयार होणारं धातू-हायड्रोजनचं संयुग, म्हणजे हायड्राइड, ठिसूळ असतं, म्हणून अणुभट्टीतल्या झिर्कोनियम मिश्रधातूच्या नळ्यांना त्याने तडे जाऊ शकतात. टायटॅनियमवाले मात्र हाच ठिसूळपणा वापरून घेतात, आधी हायड्राइड करायचं, कुटायचं, मग गरम करून हायड्रोजन काढून टाकायचा की पावडर तयार.

हायड्रोजन पिणाऱ्या धातूंचा बॅटऱ्यांशी संबंध तर चुंबकांच्या संशोधनातून आला. १९६० च्या दशकाच्या शेवटी नेदरलँड्समध्ये फिलिप्सच्या लॅबमध्ये समेरियम-कोबाल्ट चुंबकांवर काम चालू होतं, ते हायड्रोजन घेतात हे लक्षात आलं, मग तशाच रचनेचा लँथॅनम-निकेल करून पाहिला तर तो साध्या तापमानाला, थोड्याशा दाबावर दर लँथॅनम अणूमागे हायड्रोजनचे सहा-सहा अणू घ्यायला लागला आणि परतही द्यायला लागला. फुगून-आखडून त्याची पावडर होते ते वेगळं. निकेल-मेटल हायड्राइड बॅटऱ्यांमधले मिश्रधातू याच घराण्यातले.