ग्राफ डेटाबेस : माहितीची मांडणी आणि क्वेरी भाषा

ग्राफ डेटाबेस म्हणजे नोड (माणूस, गाव अशी एकेक गोष्ट दाखवणारे बिंदू) आणि त्यांना जोडणारे दुवे या रूपात माहिती साठवणारी प्रणाली. माहिती तक्त्यांत ठेवणाऱ्या रिलेशनल डेटाबेसमध्ये दोन तक्त्यांतले नाते सामाईक किल्लीवरून दर वेळी जुळवावे लागते. इथे ते आधीच साठवलेले असते. म्हणून ओळखीच्याच्या ओळखीचा शोधणे, पैशाचा माग काढणे अशा कामांत हा प्रकार सरस ठरतो. महिन्याच्या विक्रीची बेरीज करायला तक्ताच बरा.

कल्पना जुनी आहे. 1960 च्या दशकातले नेटवर्क डेटाबेस याच वळणाचे होते. त्या कामासाठी चार्ल्स बॅकमन यांना संगणकशास्त्रातला 1973 चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. पण त्यात एका नोंदीवरून दुसरीवर कसे जायचे हे प्रोग्रामरलाच लिहावे लागे. एडगर कॉड यांच्या 1970 च्या रिलेशनल मॉडेलने ती कटकट संपवली आणि दुवे मागे पडले. त्यांना पुन्हा पुढे आणणाऱ्यांपैकी एक म्हणजे निओ-फोर-जे (Neo4j) ही स्वीडनमध्ये सुरू झालेली, त्याच नावाचा ग्राफ डेटाबेस बनवणारी कंपनी. तिचे सहसंस्थापक एमिल आयफ्रेम यांनी 2000 साली मुंबईच्या विमानात कागदी रुमालावर पहिला आराखडा काढला, असे कंपनी सांगते.

आज दोन मॉडेल प्रचलित आहेत. आरडीएफ (RDF) या वेबवरच्या माहितीसाठीच्या मॉडेलमध्ये प्रत्येक विधान कर्ता, संबंध आणि कर्म अशा त्रिकुटात मांडतात. प्रॉपर्टी ग्राफमध्ये नोडप्रमाणेच दुव्यालाही गुणधर्म जोडता येतात.

मांडणीतल्या अडचणी वंशावळीवरून चटकन कळतात. वंशावळीला आपण वृक्ष म्हणतो खरे, पण महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न होते. तिथे फांद्या पुन्हा एकत्र येतात आणि मामाच सासरा होतो. वृक्ष मोडतो, ग्राफ मोडत नाही. साठवायचे फक्त आई-वडिलांचे दुवे. मामा, आत्या, चुलता त्यांतूनच निघतात. लग्न मात्र दुवा ठेवावे की नोड? नुसती तारीख हवी असेल तर दुवा पुरतो. मध्यस्थ आणि भटजी यांचीही नोंद हवी असेल, तर दोनच टोके असलेला दुवा अपुरा पडतो आणि लग्नालाच नोड करावे लागते. गावाबाबत मात्र उलट अडचण येते. पुण्याचा एक नोड करून त्याला लाखो माणसे जोडली, की तिथून जाणारी प्रत्येक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, तुंबते.

निओ-फोर-जेसाठी आंद्रेस टेलर यांनी 2011 मध्ये आखलेल्या सायफर भाषेत प्रश्न जवळजवळ चित्रासारखा लिहितात. मावशी शोधायची तर आकृती अशी (बाण लेकराकडून आईकडे जातो):

(मी)-[:आई]->(माय)-[:आई]->(आजी)<-[:आई]-(मावशी)

मावशी स्त्री असावी ही अट वेगळी घालायची. पण उत्तरात स्वतः आईच मावशी म्हणून आली तर? आजीची लेक तीही आहेच. सायफरमध्ये एका आकृतीत एकच दुवा दोनदा वापरता येत नाही, म्हणून आई आपोआप गळते. आरडीएफच्या स्पार्कल भाषेत असा नियम नाही. तिथे 'माय आणि मावशी वेगळ्या' असे सांगावेच लागते. दोन्ही भाषा बरोबर आहेत, पण एकीतून दुसरीत आलेला माणूस इथे हमखास फसतो.

सगळे पूर्वज शोधताना होते तशी, ओलांडायच्या दुव्यांची संख्या ठरलेली नसली की प्रश्न आणखी बिकट. स्पार्कल 1.1 च्या आधीच्या मसुद्यात दोन नोडांमधल्या अशा सगळ्या वाटा मोजायच्या होत्या. लहानशा ग्राफमध्येही ही मोजणी आवाक्याबाहेर जाते, हे 2012 मध्ये संशोधकांनी दाखवले. 2013 च्या अंतिम आवृत्तीत अशा ठिकाणी 'वाट आहे की नाही' एवढेच विचारायचे ठरले. एप्रिल 2024 मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय प्रमाण संस्थेने प्रसिद्ध केलेल्या जीक्यूएल या प्रमाणभाषेने ही निवड विचारणाऱ्यावर सोपवली आहे: दुवा पुन्हा चालेल का, नोड पुन्हा चालेल का, हे क्वेरीतच लिहायचे. त्याआधी एसक्यूएल या रिलेशनल डेटाबेसच्या क्वेरी भाषेच्या 2023 च्या प्रमाणात एक नवा भाग आला. त्यामुळे माहिती तक्त्यांतच ठेवून तिच्याकडे ग्राफ म्हणून पाहता येते, आणि आकृतीची लिपी तिथेही बरीचशी तीच आहे.