कढईविना सफरचंदाची भजी

सफरचंदाची गोड भजी तळण्याऐवजी ओव्हनमध्ये भाजायची ठरवली, की पहिला घाणा बहुधा वरून फिकट, आतून चिकट आणि तळाशी ओलसर निघतो. दोष कधी पाककृतीला दिला जातो, कधी ओव्हनला. परंतु बहुतेक वेळा घडलेले इतकेच असते, की तळणीचेच पीठ तसेच्या तसे घेऊन त्यातून फक्त कढई वगळलेली असते. कढईतले तेल म्हणजे पदार्थाला चिकटणारा स्निग्धांश एवढेच नव्हे. ते उष्णता पोहोचवते, पृष्ठभाग कोरडा करते, रंग आणते आणि अखेरीस थोडेसे आत राहून पदार्थाला खुसखुशीतपणाही देते. तेल काढून टाकायचे असेल, तर ही कामे दुसऱ्या कोणाकडे तरी सोपवावी लागतात.

पाश्चात्त्य देशांत ॲपल फ्रिटर म्हणून ओळखला जाणारा हा पदार्थ मुख्यतः दोन तऱ्हांनी करतात. एकीत सफरचंदाच्या चकत्या सरसरीत पिठात बुडवून तळतात, तर दुसरीत बारीक फोडी घट्ट पिठात कालवून त्याचे गोळे सोडतात. ओव्हनसाठी दुसरी तऱ्हाच घ्यावी. गरम तेलात पातळ पिठाचा थर काही सेकंदांत आळतो, ओव्हनमध्ये मात्र तो आळण्यापूर्वीच चकतीवरून ओघळून खाली साचतो.

यामागचे कारण हवेच्या स्वभावात आहे. ओव्हन २०० अंश सेल्सिअसला तापलेला असताना त्यातील हवेत क्षणभर हात नेता येतो. १८० अंशांच्या तेलात तो बुडवण्याचा विचारही कोणी करणार नाही. तापमान हवेचे अधिक असूनही असे का व्हावे? स्वयंपाकाच्या तेलाची उष्णतावाहकता हवेच्या कित्येक पट आहे आणि साठवणुकीच्या बाबतीत तर तुलनाच होऊ शकत नाही. एक लिटर गरम तेल एका अंशाने निवताना जेवढी उष्णता देते, तेवढी देण्यासाठी तितक्याच तापलेल्या दोन हजार लिटरांहून अधिक हवेला एका अंशाने निवावे लागते. शिवाय स्थिर हवेत पदार्थाभोवती थंड, दमट हवेचे पातळ आवरण तयार होते व ते उष्णतेला अडवते. पंखा असलेला ओव्हन किंवा एअर फ्रायर हेच आवरण सतत उडवून लावतो आणि म्हणून साध्या ओव्हनपेक्षा लवकर रंग आणतो. एअर फ्रायर या नावात तळण्याचा उल्लेख असला, तरी ते यंत्र म्हणजे जोरदार पंख्याचा लहानसा ओव्हन आहे.

उष्णता सावकाश पोहोचते एवढ्यावर हे थांबत नाही. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर त्याचे तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या फारसे वर जात नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवरील कोल्हापुरात हा बिंदू ९८ अंशांच्या आसपास असतो. भज्याला तांबूस रंग आणि भाजका सुवास देणारी मेलार्ड अभिक्रिया, जिचे वर्णन लुई-कामीय मेलार्ड या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये प्रथम केले, ती साधारण १४० अंशांच्या पुढे खऱ्या अर्थाने वेग घेते. म्हणजे पृष्ठभाग कोरडा पडल्याशिवाय रंग येणे नाही. तेलात हे काम काही मिनिटांत उरकते. ओव्हनमध्ये तेवढ्या वेळात भजे नुसते वाफवल्यासारखे होते.

आणि सफरचंदात पाणीच पाणी असते. त्याच्या वजनाचा सुमारे ८५ टक्के भाग पाण्याचा असतो, म्हणजे २५० ग्रॅम फोडींबरोबर आपण पिठात दोनशे ग्रॅमांहून अधिक पाणी घालत असतो. १०० ग्रॅम पाण्याची वाफ करण्यास सुमारे २२६ किलोज्यूल ऊर्जा लागते. दीड हजार वॅटच्या ओव्हनची सारी ऊर्जा केवळ याच कामी लागली, तरी त्यात अडीच मिनिटे जातील. प्रत्यक्षात बरीचशी उष्णता भिंती, तबक आणि काच तापवण्यात खर्च होत असल्याने यापेक्षा पुष्कळच अधिक वेळ जातो. त्यात गोड पदार्थ म्हणून फोडींवर आधीच गूळ किंवा साखर घालून ठेवली, तर परासरणाने पेशींतील रस बाहेर येऊ लागतो आणि घट्ट भिजवलेले पीठ डोळ्यांदेखत सैल होते.

हा परासरणाचा त्रास उपयोगात आणता येतो, आणि माझ्या मते भाजलेल्या भज्यांचे अर्धे यश याच पायरीवर ठरते. सालासकट किंवा साल काढून सफरचंदाच्या एक सेंटिमीटरच्या फोडी कराव्यात, त्यांना किसलेला गूळ व लिंबाचा रस लावून वीस मिनिटे ठेवावे, आणि सुटलेला रस गाळून छोट्या पातेल्यात पाकासारखा दाट होईपर्यंत आटवावा. पाणी उडते, सुवास व गोडी राहते. हा आटवलेला रस कोमट झाल्यावर पिठात घालावा. लिंबाचे येथे दुहेरी काम आहे. कापलेले सफरचंद काळे पडते ते पॉलिफिनॉल ऑक्सिडेज या विकरामुळे, म्हणजे एन्झाइममुळे. लिंबातील आम्लता त्या विकराला मंदावते आणि त्यातील क जीवनसत्त्व रंगद्रव्य तयार होण्याची साखळी मागे ढकलते.

कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत ऑगस्टपासून हिमाचलची आणि पाठोपाठ काश्मीरची नवी सफरचंदे दिसू लागतात. त्यांतील लाल डिलिशस जातीचे फळ गोड असले तरी आम्लतेने कमी असते आणि फार दिवस शीतगृहात राहिले, की भुसभुशीत होते. अशा फळातील पेशींना जोडणारे पेक्टिन आधीच सैल झालेले असल्याने भाजताना फोडीचा लगदा होतो. दाबून टणक लागणारे, दातांखाली कुरकुरणारे फळ घ्यावे. आंबटसर हिरवे मिळाले तर उत्तमच, मात्र त्याचा दर पाहून हात आखडला तर नवल नाही.

रंगाचा प्रश्न कोल्हापूरच्या स्वयंपाकघरात अर्धा सुटलेलाच असतो, कारण गूळ घरात असतो. शुद्ध पांढऱ्या साखरेतील सुक्रोज मेलार्ड अभिक्रियेत थेट भाग घेत नाही. त्यासाठी तिचे आधी ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन व्हावे लागते. गुऱ्हाळात उसाचा रस तासन्‌तास उकळताना हे विघटन काही प्रमाणात होऊन गेलेले असते, त्यामुळे गुळात या दोन्ही शर्करा तयार मिळतात आणि भजी साखरेच्या भज्यांपेक्षा कमी तापमानाला तांबूस होतात. अभिक्रियेचा दुसरा घटक म्हणजे अमिनो आम्ले, ती पिठातून आणि दह्यातून येतात. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरचे म्हशीचे दूध घरी विरजून लावलेले घट्ट दही असेल, तर पाणी कमी, प्रथिने जास्त असा दुहेरी लाभ होतो. दह्यातील लॅक्टिक आम्ल खाण्याच्या सोड्याशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड सोडते, त्यानेच गोळा फुगतो. सोडा जास्त झाला तर रंग झपाट्याने येतो खरा, कारण अल्कधर्मी माध्यमात मेलार्ड अभिक्रिया वेगवान होते, परंतु चव साबणासारखी लागते.

सुमारे २५० ग्रॅम फोडींना १५० ग्रॅम मैदा, दोन मोठे चमचे तांदळाचे पीठ, १०० ग्रॅम घट्ट दही, ६० ग्रॅम गूळ, २५ ग्रॅम पातळ केलेले तूप, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, चिमूटभर मीठ आणि थोडी दालचिनी किंवा वेलदोडा एवढे पुरते. तांदळाच्या पिठात ग्लुटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारे प्रथिन, नसल्याने त्याचे कवच चिवट न होता कडक होते. मैद्यात ते असते, म्हणून ओले व कोरडे जिन्नस एकत्र केल्यावर दहा-बारा वेळा परतवून थांबावे. पिठाच्या लहान गुठळ्या राहिल्या तरी चालतील, फेटत बसल्यास भजी रबरासारखी होतात. तूप पिठातच घालण्याचे कारण असे, की ते पिठाच्या कणांना वेढून ग्लुटेनची जाळी लांब होऊ देत नाही. तळणीत हा मऊसूतपणा शोषलेल्या तेलातून येतो, येथे तो आधीच द्यावा लागतो.

तबक गडद रंगाचे असावे आणि ते ओव्हनबरोबरच २०० अंशांना तापू द्यावे. चकचकीत ॲल्युमिनियम उष्ण प्रारणे परावर्तित करते, काळा पृष्ठभाग ती शोषतो. तापलेल्या तबकावर तुपाचा हात फिरवून चमच्याने गोळे सोडले, की तळाला धातूकडून थेट उष्णता मिळते आणि ओलसर बुडाची तक्रार बहुतांशी मिटते. गोळ्यांच्या वरही तूप पुसटसे लावावे; ते पाण्याप्रमाणे १०० अंशांना अडत नाही आणि पृष्ठभागावरील खाचाखोचांत उष्णता पोहोचवते. दहाएक मिनिटांनी दार क्षणभर उघडून कोंडलेली वाफ जाऊ द्यावी, भजी उलटावीत आणि आणखी सहा ते आठ मिनिटे भाजावीत.

ओव्हन नसेल तर आप्पेपात्र काढावे. बिडाच्या आप्पेपात्रात पिठाचा जवळजवळ निम्मा पृष्ठभाग तापलेल्या धातूला टेकतो आणि हवेची अडचण निम्मी तिथेच संपते; खरे तर मला ओव्हनपेक्षा हाच मार्ग अधिक पटतो. डेन्मार्कमध्ये नाताळच्या सुमारास केला जाणारा एब्लस्कीवर हा पदार्थ अशाच खळग्यांच्या बिडाच्या तव्यात होतो आणि पूर्वी त्यात सफरचंदाचे तुकडे घालत असत. झाकण मात्र पहिल्या तीन-चार मिनिटांपुरतेच ठेवावे, अन्यथा वाफ परत भज्यांवरच बसते.

आता तेलाचा हिशोब. भजे तळले जात असताना त्यातून वाफेचा झोत सतत बाहेर पडत असतो, त्यामुळे त्या वेळी तेलाला आत शिरण्यास फारसा वाव नसतो. झाऱ्याने ते बाहेर काढले, की कवच निवते, छिद्रांमधील वाफेचे पाणी होते, आतील दाब घसरतो आणि पृष्ठभागावर चिकटलेले तेल त्या पोकळीत ओढले जाते. बरेचसे तेल कढईबाहेर आल्यावरच शोषले जाते, हे अनेकांना अनपेक्षित वाटेल. वरील प्रमाणात बारा भजी होतात असे धरले, तर पिठातले व वरखाली लावलेले मिळून भाजलेल्या प्रत्येक भज्यात सुमारे तीन ग्रॅम तूप येते. तळलेल्यात हा आकडा सहज दुप्पट होतो. गूळ आणि मैदा दोन्हींत तेवढाच असल्याने बचत होते ती भज्यामागे पंचवीस-तीस कॅलरींची. ती फार मोठी नाही. त्याहून मोठा फायदा मला वाटतो तो असा, की मागे उरलेले तळणीचे तेल पुन्हा वापरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. वारंवार तापवलेल्या तेलात ध्रुवीय संयुगे, म्हणजे तेल खराब होताना तयार होणारे घटक, वाढत जातात. भारतात त्यांची कमाल मर्यादा २५ टक्के ठरवलेली आहे, पण घरच्या कढईत ती मोजणार कोण?

भाजल्याने सगळेच निर्धोक होते असेही नाही. पिठाळ पदार्थ १२० अंशांच्या वर तापवले, की ॲस्परॅजिन हे अमिनो आम्ल आणि शर्करा यांच्यापासून ॲक्रिलामाइड हे कर्करोगकारक असण्याची शक्यता मानले जाणारे रसायन तयार होते, हे २००२ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी दाखवले. ते तळणीत होते तसेच ओव्हनमध्येही होते, आणि रंग जितका गडद तितके अधिक होते. म्हणून सोनेरी तांबूस रंगावर थांबावे, गुळामुळे कडा लवकर काळ्या पडतात त्याकडे लक्ष ठेवावे.

पावसाळ्यात कोल्हापूरच्या रंकाळा तलावाकडून येणारी हवा इतकी दमट असते, की कुरकुरीत कवच ताटात वाढेपर्यंत मऊ पडू लागते. कवचाचा कुरकुरीतपणा त्यातील पाणी अगदी कमी असल्यामुळे असतो. आतील ओलावा बाहेर सरकला किंवा हवेतून शोषला गेला, की ते लवचीक होते, आणि गुळातील फ्रुक्टोज हवेतील ओल ओढून घेण्यात पुढे असते. भजी तबकावरून उतरवून जाळीवर निववावीत, झाकणाच्या डब्यात गरम भरू नयेत. दुसऱ्या दिवशी खायची असतील तर १८० अंशांच्या ओव्हनमध्ये किंवा झाकण न ठेवता आप्पेपात्रात पाच मिनिटे तापवावीत. मायक्रोवेव्हमध्ये सफरचंदातील पाणी आधी तापते, त्याची वाफ कवचात शिरते आणि भजी पूर्वीपेक्षाही लिबलिबीत होतात.