दोन लांबच्या विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ

हवाई अंतर म्हणजे दोन विमानतळांमधला पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेला सगळ्यात जवळचा मार्ग. या अंतराला विमानाच्या स्पीडने भागलं की प्रवासाचा वेळ मिळतो असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं होत नाही, कारण अंतर कायम तेच राहतं आणि वेळ मात्र रोज बदलतो.

अंतर काढायला सपाट नकाशावर पट्टी ठेवून चालत नाही. पृथ्वीचा गोल घ्या, दोन्ही ठिकाणांमध्ये दोरा घट्ट ताणा, तो जिथे बसेल ती खरी रेषा, तिला बृहद्वृत्ताचा मार्ग म्हणतात. सिंगापूरचं चांगी आणि न्यूयॉर्कचं जेएफके घेऊ, जगातल्या सगळ्यात लांबच्या नॉनस्टॉप विमानसेवांपैकी एक. दोघांच्या रेखांशात जवळपास १७८ अंशांचा फरक आहे, म्हणून दोरा जवळजवळ उत्तर ध्रुवावरूनच जातो. आणि ध्रुवावरून जातो म्हटल्यावर हिशोब एकदम सोपा, चांगीपासून ध्रुवापर्यंत ८८.६ अंश, पलीकडे जेएफकेपर्यंत ४९.४, मिळून १३८, एका अंशाचे सुमारे १११.२ किमी, म्हणजे झाले साधारण १५,३५० किमी. कागद-पेन्सिलीने एकदा करून बघाच, फार मजा येते.

आता ताशी ९०० किमीने भागलं तर १७ तास येतात, वेळापत्रकात मात्र साडेअठराच्या आसपास असतात. एक तर वेळापत्रकातला वेळ विमान गेटवरून हललं की सुरू होतो आणि दुसऱ्या गेटला लागलं की संपतो, त्यात टॅक्सी करणं (म्हणजे विमानाचं जमिनीवरून धावपट्टीपर्यंत हळूहळू जाणं-येणं), वर चढणं, उतरण्यासाठी थांबणं सगळं येतं. दुसरं आणि मोठं कारण वारा. साधारण ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम, म्हणजे जोरदार वाऱ्याचा अरुंद पट्टा, वाहतो, तो पाठीशी मिळावा म्हणून न्यूयॉर्कला जाणारं विमान बऱ्याचदा ध्रुवाकडे न जाता पॅसिफिकवरून जातं, किलोमीटर वाढतात पण वेळ आणि इंधन वाचतं. लंडनहून न्यूयॉर्कला जाताना परतीपेक्षा तासभर तरी जास्त लागतो तो याच वाऱ्यामुळे, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं.

कधी आकाशच बंद होतं. २०२२ मध्ये रशियाची हवाई हद्द युरोपीय विमान कंपन्यांना बंद झाल्यावर हेलसिंकी ते टोकियो हा साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांच्या घरात गेला, विमानतळ मात्र जागचे हललेले नाहीत.

तिकिटावरच्या वेळांची सरळ वजाबाकी करू नका, त्या दोन्ही आपापल्या गावच्या असतात. समजा विमान सिंगापूरहून रात्री १२ ला निघालं आणि त्याच तारखेला सकाळी ६:३० ला न्यूयॉर्कला उतरलं, तर साडेसहा तास दिसतात, पण उन्हाळ्यात दोन्ही घड्याळांत १२ तासांचा फरक असतो तो मिळवायचा, म्हणजे साडेअठरा. हिवाळ्यात हाच फरक १३ तासांचा होतो.